विहिरीची खोली

बीड जिल्ह्यातून बालाघाटाच्या रांगा जातात. तेथील विहिरींचे पाणी उन्हाळ्यात पार तळाशी जाते. पोहरा पाण्यापर्यंत पोचण्यास दोर किती लागेल, ही मग घरोघरची चिंता होते. पाटोदा तालुक्यातील एका शाळेत गुरुजींनी हेच उदाहरण घातले : काठावरून खडा न फेकता नुसता सोडला, दोन सेकंदांनी ‘डुबुक्’ असा आवाज आला, तर पाणी किती खोल? (पिण्याच्या विहिरीत खडे टाकू नयेत, हेही त्यांनी बजावले.)

एका मुलीने चटकन ९.८ ला २ ने गुणले. उत्तर आले १९.६ मीटर. पुस्तकातले उत्तरही तेच!

“अग, पण हा गुणाकार कशाचा झाला?” गुरुजींनी विचारले. ती गप्प झाली.

मग फळ्यावर आकृती आली : वर काठ, खाली पाणी, मध्ये खडा. पडणाऱ्या वस्तूचा वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. ही वाढ दर सेकंदाला ९.८ मीटर. तेव्हा मुलीने काढला तो पाण्यापाशी असलेला वेग, अंतर नव्हे. वेग शून्यापासून सारखा वाढत १९.६ झाला, म्हणून सरासरी वेग ९.८, दोन सेकंदांत अंतर १९.६ मीटर. आवाज वर येण्याचा वेळ अगदी अल्प, तो सोडून दिला. आकडे जुळले होते केवळ योगायोगाने.

“तीन सेकंद लागले असते तर?”

आता मुलीने वहीत आधी विहीर काढली. शेवटचा वेग २९.४, सरासरी १४.७, अंतर ४४.१ मीटर. पहिल्या रीतीने दोर १४.७ मीटर आखूड पडला असता.