लांडग्याच्या रक्ताचा कुत्रा घरी आणावा का?

बाबांची बदली चेन्नईला झाली आणि धाकट्या भावाने वुल्फडॉग हवा म्हणून हट्ट धरला. आई मला म्हणाली, "तू आधी माहिती काढ, मग ठरवू." सुट्टीत जे समजले ते थोडक्यात देतो.

लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेला प्राणी म्हणजे वुल्फडॉग. दोघांचीही गुणसूत्रे ७८, म्हणून त्यांच्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात. १९५५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सीमेवरच्या गस्तीसाठी जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांचा संकर करण्याचा प्रयोग सुरू झाला. लांडग्याचा दम आणि शेफर्डचा आज्ञाधारकपणा एकत्र यावा, हा हेतू. पण पहिल्या पिढीला शिकवणे फार अवघड गेले. पुढच्या पिढ्या पुन्हा शेफर्डशी जोडाव्या लागल्या.

याचे कारण स्वभावात आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाजवळ राहिला, लांडगा नाही. लांडग्याचा अंश जास्त असलेला प्राणी अनोळखी माणसाला बुजतो आणि मागे सरतो, म्हणजे राखणीला तो कच्चाच. एकटा ठेवला तर दार ओरबाडतो, कुंपणाखालून खणून बाहेर पडतो. मांजर किंवा कोंबडी पळाली की त्याला शिकार दिसते. मारून तो शिकत नाही, उलट त्याचा विश्वास उडतो. लहानपणापासून माणसांची सवय, छोटे छोटे धडे आणि रोज भरपूर पळणे, एवढे त्याला लागतेच.

कायदाही पाहिला. भारतीय लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रानातले पिल्लू उचलून पाळणे हा गुन्हा आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर वेगळ्याच रंगाचा प्राणी दिसला होता. नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत तो लांडगा-कुत्रा संकर ठरला. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भटक्या कुत्र्यांशी असा संकर वाढला, तर आधीच थोडे उरलेले लांडगे शुद्ध राहणार नाहीत.

मग मी आमच्या घराचा हिशेब मांडला. दुसऱ्या मजल्यावरचे क्वार्टर, चेन्नईचा उकाडा, मी वर्षातले बहुतेक महिने वसतिगृहात आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली. असा प्राणी आपल्या माणसांना कळपासारखा धरून राहतो. त्याला दर बदलीला नवे घर, नाहीतर नवा मालक देणे बरोबर नाही.

भावाला मी नाही म्हणून सांगितले. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "मग राजापालयम?" तोही तमिळनाडूचाच कुत्रा, इथल्या उन्हाची सवय असलेला. पण त्यालाही धावायला मोकळी जागा लागते. म्हणून सध्या भावाला एक काम दिले आहे. गेटजवळच्या भटक्या कुत्रीला रोज पाणी ठेवायचे आणि तिच्या शेपटीची, कानांची भाषा वहीत लिहायची. सहा महिने वही भरली, तर आई पुढचा विचार करणार आहे.