छातीचा एक्स-रे : दर, रिपोर्ट आणि पुढचा खर्च

दोन आठवडे उलटूनही खोकला हटला नाही, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एक्स-रे चेस्ट, पीए व्ह्यू’ असं येतं. बोलीभाषेत हा छातीचा फोटो. तपासण्यांमध्ये तो स्वस्तात मोडतो, त्यामुळे दराची चौकशी फारशी कुणी करत नाही. खर्च वाढतो तो नंतर. रिपोर्टमधल्या एका मोघम ओळीपायी सीटी स्कॅन करावा लागतो. जुनी फिल्म सापडत नाही म्हणून बऱ्या झालेल्या जखमेच्या डागावर नव्याने तपासण्या सुरू होतात. म्हणून फोटो कितीला पडतो हे विचारताना तो वाचणार कोण, हेही काउंटरवर विचारून घ्या.

कुठे किती खर्च?

• जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालय : महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. यंत्र चालू आहे का आणि तंत्रज्ञ कोणत्या वेळेत असतो, एवढं आधी विचारून जा.

• महापालिकेची रुग्णालयं आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं : वरचा निर्णय त्यांना लागू नाही. त्यांचे दर वेगळे, पण खासगीपेक्षा बरेच कमी.

• खासगी एक्स-रे सेंटर : शहर आणि यंत्रानुसार साधारण 300 ते 800 रुपये.

• मोठं कॉर्पोरेट रुग्णालय : 1,000 रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

• घरी येऊन पोर्टेबल एक्स-रे : साधारण 1,500 ते 3,000 रुपये. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तरच हा पर्याय घ्यावा, कारण त्या फोटोचा दर्जा उभं राहून काढलेल्या फोटोइतका नसतो.

शंका टीबीची असेल तर आधी सरकारी केंद्र गाठा. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे खात्यात जमा होतात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 500 वरून 1,000 रुपये झाली आहे.

परदेशी व्हिसासाठी एक्स-रे हवा असेल, तर गल्लीतल्या सेंटरचा चालत नाही. ब्रिटनसारखे देश त्यांनी मान्यता दिलेल्या क्लिनिकचंच प्रमाणपत्र घेतात. आधी यादी पाहा, म्हणजे दोनदा पैसे जाणार नाहीत.

पैसे भरण्याआधी

काउंटरवर चार गोष्टी विचारा. सांगितलेल्या दरात रिपोर्ट धरला आहे का? रिपोर्टवर रेडिओलॉजिस्टची सही असेल ना? फिल्म मिळेल की साध्या कागदावरची प्रिंट? मूळ डिजिटल फाइल देणार का? बाजूने घेतलेल्या ‘लॅटरल’ फोटोचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात. चिठ्ठीत तो नसेल तर का काढता, हे विचारायला संकोच नको.

डॉक्टरांनी अमुकच सेंटरचं नाव लिहून दिलं, तरी दुसरीकडे जायला तुम्ही मोकळे आहात. सेंटरकडून डॉक्टरांना ‘कट’ जात असेल, तर त्याचा भार शेवटी रुग्णाच्याच बिलावर पडतो. निदान केंद्रांच्या आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे एक्स-रेच्या बिलात तो लावलेला दिसला तर हरकत घ्या. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. तो दर्शनी भागात दिसत नसेल तर दाखवायला सांगा.

आरोग्य विमा असेल तर बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र जपा. पुढे त्याच आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर बऱ्याच पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतला तपासणीखर्च परत मिळतो.

फोटो काढताना

खराब निघालेल्या फोटोचे पैसे परत मिळत नाहीत, आणि त्यावरचा चुकीचा रिपोर्ट तर फारच महागात पडतो. मंगळसूत्र, साखळी, ताईत, हुक असलेले अंतर्वस्त्र काढून ठेवा. लांब वेणी असेल तर ती डोक्यावर बांधा. खांद्यावरून रुळणारी वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पांढुरकी सावली टाकते, आणि टीबीच्या खुणा शोधण्याची पहिली जागा नेमकी तीच. शर्टाचं बटण गाठीसारखं दिसू शकतं, तसंच स्तनाग्रही.

पीए व्ह्यूमध्ये छाती पॅनलला टेकवून उभं राहायचं, हनुवटी वर आणि खांदे पुढे. किरण पाठीकडून येतात. तंत्रज्ञ ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणाला की पूर्ण श्वास भरा. अर्धवट श्वासात फुप्फुसांचा खालचा भाग दाटलेला आणि हृदय मोठं दिसतं. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आत जाण्याआधी सांगा.

किरणांची भीती मात्र प्रमाणात असावी. छातीच्या एका फोटोत मिळणारा डोस निसर्गातून साधारण 10 दिवसांत मिळतो तेवढा किंवा त्याहून कमी असतो. छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये तो त्याच्या 50 पटींहूनही अधिक असू शकतो.

फिल्म हातात आल्यावर

आधी नाव, वय आणि तारीख तपासा. गर्दीच्या सेंटरमध्ये पाकिटांची अदलाबदल होते. मग ‘आर’ किंवा ‘एल’ ही खूण शोधा. फिल्म अशी धरा, की जणू रुग्ण तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे. त्याची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येईल.

हवा काळी दिसते, हाडं पांढरी, रक्त आणि पाणी त्यांच्या मधलं. फुप्फुसं काळी दिसतात ती यामुळेच. हृदय डावीकडे झुकलेलं असतं, त्याखाली जठरातल्या हवेचा काळा बुडबुडा बहुधा दिसतो आणि यकृतामुळे श्वासपटलाची उजवी बाजू किंचित वर असते. पीए फोटोत हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी. झोपवून, समोरून काढलेल्या ‘एपी’ फोटोत हृदय नेहमीच मोठं भासतं, तिथे हा हिशोब लागू पडत नाही. एवढं कळलं की डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो. निदान मात्र त्यांच्यावरच सोडा.

रिपोर्टमधले नेहमीचे शब्द

‘प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’ : श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या रेषा ठळक. धूम्रपान, जुना खोकला किंवा अपुरा श्वास यांमुळे दिसू शकतात. एवढ्या एका ओळीवर औषधं सुरू होत असतील तर कारण विचारा.

‘कन्सॉलिडेशन’ : फुप्फुसाच्या त्या भागात हवेऐवजी द्रव किंवा पू भरलेला आहे. ताप आणि खोकला असेल तर बहुधा न्यूमोनिया.

‘ब्लंटिंग ऑफ सीपी अँगल’ : खालचा टोकदार कोपरा बोथट झाला आहे. फुप्फुसाभोवती थोडं पाणी असेल किंवा जुन्या आजाराची खूण असेल. सोनोग्राफीने उलगडा होतो आणि ती सीटीपेक्षा स्वस्त पडते.

‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’, ‘फायब्रोटिक बँड’ : बहुतेक वेळा बऱ्या झालेल्या संसर्गाचे व्रण. जुन्या फिल्मवर ते तसेच दिसत असतील, तर सहसा पुढे काही करावं लागत नाही.

‘अ‍ॅडव्हाइज क्लिनिकल कोरिलेशन’ : नुसत्या फोटोवरून ठरवता येत नाही, रुग्ण तपासून ठरवा.

दिसायला विचित्र, पण बहुधा निरुपद्रवी

काहींना मानेजवळ जास्तीची बरगडी असते, काहींची बरगडी टोकाला दुभंगलेली असते. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एका शिरेमुळे वेगळा कप्पा पडतो, त्याला अझायगस लोब म्हणतात. कधी मोठ्या आतड्याचा वेढा यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये शिरतो आणि पोट फाटून हवा बाहेर आल्याचा भास होतो. हे चिलायडिटी चिन्ह. कुणाचं हृदयच उजवीकडे असतं. मात्र तसं ठरवण्याआधी ‘आर-एल’ खूण उलटी पडलेली नाही ना, हे पाहावं लागतं. यातलं काही तुमच्या रिपोर्टमध्ये असेल तर त्याची प्रत कायम जवळ ठेवा, दरवेळी नव्याने घाबरावं लागणार नाही.

सीटीला हो म्हणण्यापूर्वी

एचआरसीटीला, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईने केलेल्या सीटी स्कॅनला, आज साधारण 3,000 ते 6,000 रुपये लागतात. कोविडकाळात राज्य सरकारने यंत्राच्या क्षमतेनुसार 2,000 ते 3,000 रुपयांची मर्यादा घातली होती. नवी गाठ, न विरघळणारी सावली किंवा थुंकीतून रक्त असेल तर सीटी टाळू नका. साधा न्यूमोनिया असेल, तर औषधांनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे काढणं बऱ्याचदा पुरतं. टीबीचा संशय असेल तर थुंकीच्या तपासणीला पर्याय नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्या. ‘नॉर्मल’ रिपोर्ट म्हणजे सगळं ठीक असं नाही. दमा, हार्ट अ‍ॅटॅक, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी आणि अगदी सुरुवातीचा कर्करोग फोटोत न दिसता राहू शकतात. छातीत अचानक कळ आली किंवा धाप लागली, तर एक्स-रे सेंटरच्या रांगेत उभं न राहता थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

जुन्या फिल्म टाकू नका

डाग जुना आहे की नवा, हे सांगणारा सर्वांत स्वस्त पुरावा म्हणजे मागची फिल्म. फिल्म उन्हात किंवा एकमेकींना चिकटतील अशा ठेवू नका. फोनवर काढलेला फोटो तपशील गाळतो, म्हणून मूळ फाइल मागून घ्या. फिल्म हरवली असेल, तर जिथे उपचार झाले तिथे लेखी अर्ज करा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी 3 वर्षं जपायच्या असतात आणि मागणी आल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.