मुलींचा गुडघा आणि क्रीडाशिक्षकाचा शब्द

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तिन्ही तालुक्यांत कबड्डी व खो-खो हे खेळ शाळाशाळांतून रुजलेले आहेत. अंधेरीला क्रीडासंकुल आहे, कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या शाळांतून मुली मैदानावर उतरत आहेत. ही समाधानाची बाब होय. परंतु अशा एखाद्या मुलीचा खेळ एका चुकीच्या उडीने कायमचा थांबू शकतो, याची जाणीव क्रीडाशिक्षकांनी ठेवणे अगत्याचे आहे.

मुंबईत जन्मलेल्या व सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधना यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधास जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना दुखापत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये त्या विश्वचषकासाठी मैदानात परतल्या आणि त्यांनी इंग्लंडविरुद्ध ९०, तर वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. तथापि, त्यांना लाभले तसे उपचार प्रत्येक शाळकरी मुलीच्या वाट्याला येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धेपासून दूर राहावे, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणूनच उपचारापेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा ठरतो.

दुखापत कशी होते?

गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, ज्यास डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो बहुधा दुसऱ्याच्या धक्क्याने तुटत नाही. उडीनंतर उतरताना, वेगात थांबताना किंवा एकाएकी दिशा बदलताना गुडघा पुरेसा न वाकता आत कलतो आणि अस्थिबंधावर असह्य ताण येतो. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये या दुखापतीचे प्रमाण दोन ते तीन पट आढळते. पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, हे घडून जाते. एवढ्या अवधीत विचार करून गुडघा सावरणे शक्य नाही. योग्य हालचाल आधीच अंगवळणी पडलेली असली पाहिजे.

सूचना कशी द्यावी?

“गुडघा वाकव”, “मांडी सरळ ठेव” अशा सूचना आपण नेहमी देतो. त्यामुळे मुलीचे लक्ष स्वतःच्या अवयवाकडे जाते आणि सहज होणारी हालचाल अडखळते. गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या यंत्रावर प्रयोग केला. ज्यांना पायांऐवजी पायाखालच्या चाकांवर जोर देण्यास सांगितले, ते अधिक चांगले शिकले. पुढे २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींची एका पायावरील उडी तपासली. ज्यांचे लक्ष शरीराबाहेरील गोष्टीकडे वळविले होते, त्यांचा गुडघा उतरताना अधिक वाकला.

हे तत्त्व आपल्या मैदानावर पुढीलप्रमाणे वापरता येईल :

१. उडीनंतर उतरताना : “मांजरासारखी उतर, जमिनीचा आवाज येऊ देऊ नको.”

२. खाली बसत उतरण्यासाठी : “मागे खुर्ची आहे, तिच्यावर टेकायला जा.”

३. गुडघा आत कलत असल्यास समोर दोन खुणा ठेवून : “गुडघ्यांना विजेऱ्या बांधल्या आहेत असे समज, उजेड या खुणांवर पडू दे.”

४. खो-खोत खांबाजवळ वेग कमी करण्यासाठी जवळजवळ खडूच्या खुणा करून : “प्रत्येक खुणेवर पाऊल पडू दे.”

५. कबड्डीत चढाईहून परतताना : “गंजीवरचा क्रमांक मध्यरेषेकडे वळव.”

एका वेळी एकच सूचना द्यावी.

पंधरा मिनिटांचा सराव

केवळ शब्दांनी गुडघा बळकट होत नाही. त्यास व्यायामाची जोड हवी. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षे वयाच्या ४,५६४ फुटबॉलपटू मुलींच्या अभ्यासात निम्म्या संघांना आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा सराव दिला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. एका पायावर तोल सांभाळणे, बैठका आणि उडी मारून उतरणे अशा या व्यायामांना महागडी साधने लागत नाहीत.

उपनगरातील शाळेचे अरुंद पटांगण असो वा ग्रामपंचायतीचे मैदान, हा सराव कोठेही करता येतो. शाळांनी तो खेळाच्या तासाचा भाग करावा, अधिकाऱ्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याचा समावेश करावा आणि पंचायत सदस्यांनी खडे-खड्डे नसलेले सपाट मैदान मिळवून द्यावे. मुली मैदानावर आल्या आहेत. त्या तेथे टिकून राहाव्यात, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.