थंड-कोरडी हवा : उभ्या उसाला साखर, नव्या लागणीला घाई

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



हस्ताचा पाऊस ओसरला की आपल्या भागात दरवर्षी एक बदल दिसतो. पश्चिमेचा वारा पडतो, काही दिवस हवा कोंडते, दुपारी घामाच्या धारा लागतात. मग एके पहाटे पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, पानांवर दव दिसते आणि रात्री गोधडी ओढावी लागते. ही हवा अंगाला बरी वाटते, पण तिचा परिणाम सगळ्या रानांत सारखा नसतो. तोडणीला आलेल्या उसात ती साखर भरते, तर नव्या लागणीची उगवण मंद करते. म्हणून एकाच हवेत दोन रानांत दोन वेगळी कामे करावी लागतात.

हवा कशी पालटते?

हवामान खात्याने 2020 साली सुधारलेल्या सरासरी तारखांप्रमाणे मान्सून 17 सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून मागे फिरू लागतो आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देशातून निघून जातो. पश्चिम महाराष्ट्रातून तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतील ओलावा घटला आणि वाऱ्यांची दिशा फिरली, अशा खुणा पाहून खाते मान्सून परतल्याचे जाहीर करते.

आभाळ निरभ्र झाले की दिवसा ऊन कडक पडते. रात्री मात्र जमिनीची ऊब अडवायला ढग नसतात, त्यामुळे ती लवकर निघून जाते. पुण्याचे रात्रीचे सरासरी तापमान ऑक्टोबरात 19-20 अंशांच्या आसपास असते, ते नोव्हेंबरात 15 च्या आसपास येते. निफाडकडे ते आणखी उतरते.

तोडणीचा ऊस : साखर कशी भरते?

पानांत साखर तयार होते ती सूर्यप्रकाशाच्या जोरावर. जमिनीत ओल, हवेत ऊब आणि भरपूर नत्र असले की ऊस ती साखर नवी पाने व नवी कांडी काढण्यात खर्च करतो. उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. वाढीच्या काळात ते साठलेली साखर फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करते, आणि त्यापासून पोत्यातली दाणेदार साखर निघत नाही.

थंड रात्र व कोरडी जमीन मिळाली की वाढ मंदावते, विकराचे काम कमी होते. दिवसा मात्र ऊन चांगले असल्याने पाने साखर तयार करीतच राहतात. खर्च थांबला, मिळकत चालू राहिली, म्हणजे शिल्लक वाढणारच. ही साखर बुडख्याकडून शेंड्याकडे भरत जाते. म्हणून ब्रिक्स पाहताना बुडखा व शेंडा दोन्हींचा रस पाहावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व समजावा. नुसत्या बुडख्याच्या आकड्यावर जाऊ नये.

यासाठी सभासदांनी एवढे करावे :

1) आडसाली उसाला आता युरियाची मूठ टाकू नये. नत्र उशिरा दिले की पक्वता लांबते.

2) तोडणीपूर्वी भारी जमिनीत 15 ते 20 दिवस, हलक्या जमिनीत 8 ते 10 दिवस पाणी तोडावे. तोड लांबली आणि ऊस सुकू लागला तर एक हलके पाणी द्यावे. पाट भरून नव्हे.

3) तुरा आलेला व लोळलेला ऊस आधी तोडीत धरण्यासाठी गट कार्यालयात वेळीच सांगावे.

4) तुटलेला ऊस फडात पडू देऊ नये. 24 तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर भरलेली साखर पुन्हा फुटू लागते.

दराचा हिशेब

काहीजण म्हणतात, "तोडीआधी पाणी दाबून दिलं की काट्यावर वजन वाढतं, आपल्याला काय फरक पडतो?" वजन थोडे वाढते हे खरे, पण ते पाण्याचे वजन. फरक कुठे पडतो ते पाहा. 2025-26 हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरविली आणि त्यापुढील दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. उतारा अर्ध्या टक्क्याने चढला तर टनामागे 173 रुपये होतात. 100 टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे हे 17,300 रुपये झाले.

उतारा एकेकाचा वेगळा धरत नाहीत. तो सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. एकाने दाबून पाणी दिले तर त्याचा तोटा शेजाऱ्याच्या बिलातही उतरतो. दहाजणांनी पाणी वेळेवर तोडले तर त्याचा लाभ अकराव्यालाही मिळतो. आपला कारखाना सहकारी आहे, तो अशा कामातही.

नवी लागण : दार बंद होण्याआधी

पूर्वहंगामी लागणीचा काळ 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. हा काळ हवेवरूनच ठरला आहे. डोळा फुटायला ऊब लागते. 30 अंशांच्या पुढे उगवण जोरात होते, 20 च्या खाली रेंगाळते. ऑक्टोबरात जमीन अजून उबदार असते, ओलही असते. तेव्हा लावलेली टिपरी थंडीआधी मूळ धरते. नोव्हेंबरअखेरीस लावलेली तशीच थिजून पडते, डोळे कुजतात, नांग्या पडतात. "रान रिकामं झाल्यावर बघू" म्हणून उशीर झालाच, तर घाईने लावण्यापेक्षा सुरू हंगामाची तयारी करावी किंवा रोपे वापरावीत.

बेणे 9 ते 10 महिन्यांचे, बेणेमळ्यातील घ्यावे. खोडव्याचे घेऊ नये. प्रक्रिया केल्याशिवाय टिपरी सरीत टाकू नये. उगवणीपर्यंत वाफसा राखावा. पुढे थंडीत बाष्पीभवन कमी असते, म्हणून पाण्याची पाळी 18 ते 20 दिवसांवर न्यावी. गार जमिनीत पाणी साचवले तर ती आणखी गार होते.

हवा फिरली तर?

ऑक्टोबरचा भरवसा दरवर्षी धरता येत नाही. 2019 साली मान्सून 9 ऑक्टोबरला परतू लागला आणि महिनाभर पाऊस राहिला. 2020 च्या ऑक्टोबरात कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर, पंढरपूर भागात पूर आणला. असा पाऊस झाला की रात्री उबदार होतात, ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि भरत आलेला उतारा घसरतो. अशा वेळी आधी चर काढून रानातले पाणी बाहेर काढावे, वाफसा येऊ द्यावा, ब्रिक्स पुन्हा पाहावा आणि मगच तोड घ्यावी. लागण करणाऱ्यांनी चिखलात टिपरी दाबू नये.

हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज देते आणि मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला निघतो. पाणी तोडण्याआधी व लागणीचा दिवस ठरविण्याआधी तो जरूर पाहावा.

आपल्या प्लॉटचा ब्रिक्स पाहण्यासाठी गटाच्या शेती मदतनीसाला बोलवावे. तोड कधी ते विचारायला येता, तसे पाणी कधी तोडायचे तेही विचारायला यावे, ही विनंती.