नावांवरून वाचलेली मुंबई

सहल म्हणजे मौज आणि अभ्यास म्हणजे कंटाळा, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. आमच्या इतिहास विभागाची सहल मुंबईला निघाली, तेव्हा सरांनी एकच सूचना केली : "इमारती सगळेच पाहतात. तुम्ही ठिकाणांची नावे टिपा आणि त्या नावाची वस्तू आज तेथे आहे का, ते पाहा." माझ्या वहीतील चार नावांचा विचार येथे मांडत आहे.

पहिले नाव बोरीबंदर. आमची गाडी जेथे पोहोचली, त्या स्थानकावर 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' अशी पाटी आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे १८७८ ते १८८८ या काळात ही वास्तू उभी राहिली. तिला राणी व्हिक्टोरियाचे नाव होते. ते १९९६ साली बदलले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. परंतु जुनी माणसे अजूनही 'बोरीबंदर' म्हणतात. बाहेर येऊन पाहावे, तर बंदर कोठेच नाही! समुद्रात भराव घालून किनारा पूर्वेकडे सरकवला गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला जाणारी पहिली गाडी सुटली ती मात्र याच बोरीबंदरहून. म्हणजे पाटीवरचे नाव राज्यकर्ते बदलतात. लोकांच्या तोंडचे नाव त्याहूनही जुनी गोष्ट सांगत राहते.

दुसरे नाव चर्चगेट. येथे ना चर्च दिसते, ना गेट. इंग्रजांच्या कोटाला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन मुख्य दरवाजे होते. त्यांपैकी १७१८ साली खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. पुढे वस्ती वाढली, तटाची लष्करी गरज संपली आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) तट पाडण्यात आला. दरवाजाच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन हे कारंजे आले. दरवाजाचे नाव मात्र पश्चिमेकडील रेल्वे स्थानकाला मिळाले. संपूर्ण विभागाला आजही 'फोर्ट' म्हणतात; फोर्ट मात्र गेला.

तिसरे नाव गेटवे ऑफ इंडिया. चर्चगेटच्या अगदी उलट हा प्रकार आहे. तेथे दरवाजा गेला व नाव राहिले. येथे दरवाजा आहे, पण त्याला कधी तटच नव्हता. या कमानीखालून राजे पंचम जॉर्ज मुंबईत आले, असे आमच्यातील कित्येकांना वाटत होते. वस्तुतः राजेसाहेब आले डिसेंबर १९११ मध्ये, कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ रोजी आणि उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. स्वागताच्या स्मरणार्थ बांधलेल्या याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी मायदेशी परतली. आम्ही सर्वांनी तेथे छायाचित्रे काढली, हे सांगायला नकोच.

चौथे नाव आमच्या सहलीच्या कार्यक्रमात नव्हते. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. तेथील स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. शेतकरी आमच्या गावात रोज भेटतो. हा कामगार कोठला, असे मी विचारले, तेव्हा सर म्हणाले, "गिरणगावातला. चला, तेही पाहून घेऊ."

लालबाग-परळ हा तो भाग. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढे कोकणातून व घाटावरून हजारो माणसे येथे आली. माझे आजोबा त्यांपैकी एक. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आजोबा त्या संपात गावी आले ते कायमचेच. त्यांच्या तोंडून 'खातं', 'पाळी', 'भोंगा' हे शब्द मी लहानपणापासून ऐकले. पण त्यांचा अर्थ विचारावा असे कधी वाटले नाही. आता तेथे उंच इमारती आणि बाजारसंकुले आहेत. एखादे धुराडे मधूनच दिसते. गिरण्या गेल्या, 'गिरणगाव' हे नाव तेवढे राहिले.

या चार नावांवरून एक गोष्ट दिसून येते. राजांच्या स्वागताची तारीख कोनशिलेवर कोरली जाते. भोंगा ऐकून पाळीला धावणाऱ्यांची नोंद बहुधा कोणी कोरत नाही. ती बोलीत राहते आणि बोलणारी माणसे गेली की पुसली जाते. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाइतकेच घरातल्या वडीलधाऱ्यांकडेही जावे, असे मला वाटते. सहलीहून आल्यावर मी आजोबांच्या तोंडचे शब्द अर्थासह वहीत उतरवू लागलो आहे. आजवर एकोणचाळीस झाले. मित्रहो, आपल्याही घरात असे शब्द असतील. ते विचारून घ्या.