उपोसथाच्या दिवशी मधुमेहाची गोळी

वर्षावासातील पौर्णिमेला आमच्या विहारात एक ज्येष्ठ उपासिका धम्मदेसना ऐकता ऐकता घामाने चिंब झाल्या. दुपारचे चार वाजले असावेत. हात थरथरत होते, बोलणे तुटक झाले होते. उकाड्याने चक्कर आली असेल म्हणून कोणी वारा घालू लागले, कोणी पाणी पुढे केले. त्यांच्या सुनेने पिशवीतील गोळ्यांची स्ट्रिप दाखवली तेव्हा उलगडा झाला. सकाळी नेहमीची शुगरची गोळी घेतली होती, अकरा वाजता चार घास भात खाल्ला होता आणि अष्टशील घेतल्यामुळे पुढे काहीच खाल्ले नव्हते. रक्तातील साखर तपासली तर ५२ निघाली.

साखर वाढण्याची धास्ती आपल्याकडे घरोघरी आहे. ती फार कमी होऊ शकते, हे मात्र पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की ती कमी समजावी. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडाडून भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. पुढे माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो. म्हाताऱ्या माणसांत नुसता गोंधळ दिसतो आणि घरचे म्हणतात, वयामुळे असेल.

मुळात ‘शुगरची गोळी’ हा शब्दच फसवा आहे. मेटफॉर्मिन ही सर्वाधिक दिली जाणारी गोळी. ती यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि शरीरातील इन्सुलिनचा उपयोग सुधारते. एकटी घेतली तर ती सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचे काम वेगळे आहे. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही जेवलात की नाही हे त्यांना कळत नाही. अनेकांच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही असतात. म्हणून कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचे जे मूळ नाव छापलेले असते, ते वाचावे. दिसत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्यावे, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. जन औषधी केंद्रातून स्वस्त गोळी घेतानाही हेच नाव जुळवून पाहायचे.

आता उपोसथाचे. दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत सुमारे अठरा-एकोणीस तास पोट रिकामे राहते. ग्लिमेपिराइडचा परिणाम जवळपास दिवसभर टिकतो. तेव्हा सकाळचा डोस कमी करायचा का, संध्याकाळचा टाळायचा का, हे उपोसथाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे. “मी त्या दिवशी दुपारनंतर जेवणार नाही,” असे स्पष्ट सांगावे. आपण सांगत नाही, मग तेही विचारत नाहीत. जेवणच होणार नसेल तर जेवणाआधीची ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने तोंडात टाकू नये. इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि अलीकडे साखर उतरण्याचा अनुभव आलेले यांनी विकाल भोजनाचे शील घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीची शीले पाळता येतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर पाणी कमी पिऊन चालत नाही आणि उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे.

साखर उतरल्याची शंका आली तर तपासण्याची वाट पाहू नये. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग पोळी-भाजी, भात असे काही खायला द्यावे. बिस्किट, चॉकलेट यांचा परिणाम उशिरा होतो. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांना साधी साखर नीट लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री रुग्णाला एकटे झोपू देऊ नये.

“शील मोडेल” म्हणून त्या उपासिकेने साखरपाणी प्रथम नाकारले होते. विनयपिटकातील भेसज्जक्खन्धकात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची मुभा आहे. मग आजारी उपासिकेने संकोच कशाला करायचा?

मेटफॉर्मिनबद्दल थोडे. ती जेवणासोबत घेतली तर मळमळ, जुलाब कमी होतात. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली गोळी चावू वा कुटू नये. उलट्या-जुलाब सुरू असून पाणीही टिकत नसेल, किंवा शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करायचा असेल, तर मेटफॉर्मिन काही काळ थांबवावी लागते का ते विचारावे. वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासावे. मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले असेल तर ही गोळी बंद करतात. मात्र निरोगी मूत्रपिंड तिने खराब होते, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी अनेकजण गोळी परस्पर सोडतात. बरीच वर्षे घेतल्यावर बी १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. तळपायांना मुंग्या येत असतील तर तेही तपासून घ्यावे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातानाही हाच प्रश्न येतो. रांगेत तासन् तास उभे राहायचे असते, चालणे वाढते, जेवणाची वेळ हुकते. खिशात ग्लुकोजची पुडी आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि जेवण समोर आल्यावरच गोळी घ्यावी. आमच्या विहारात आता बुद्धमूर्तीशेजारच्या कपाटात ग्लुकोजचा डबा आणि साखर तपासायचे यंत्र ठेवले आहे. किल्ली कपाटालाच लटकवलेली असते.