कुरकुर आणि गाऱ्हाणे

वाचनभाग : गणना ११:१-१७, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, कलस्सैकर ३:२२ ते ४:१

प्रभूची सेवा मनापासून व कुरकुर न करता करावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला तसे बजावले (२:१४), तेही स्वतः बंदिवासात असताना. परंतु पुष्कळदा ही आज्ञा नको त्या माणसाला ऐकवली जाते. शब्बाथशाळेची एकच शिक्षिका तीन वर्गांची मुले घेऊन बसते, मदतीला कोणी द्या असे कमिटीपुढे सांगते, आणि कोणी वडील तिलाच हे वचन वाचून दाखवतात. शास्त्राचा असा उपयोग करावा काय?

गणनेचा अकरावा अध्याय पाहा. त्या एका अध्यायात दोन प्रकारच्या तक्रारी आहेत. लोक कुरकुर करू लागले तेव्हा छावणीच्या कडेला अग्नी पेटला. त्या जागेला तबेरा हे नाव पडले. तरी त्यांची तोंडे थांबली नाहीत. मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण यांची आठवण काढून ते रडू लागले. तिथली वेठबिगारी मात्र कोणाला आठवली नाही! आणि हे रडणे कोठे चालले होते? आपापल्या डेऱ्याच्या दाराशी (वचन १०). आपलीही कुरकुर बहुधा उपासना संपल्यावर फाटकाशीच चालते.

आता मोशेकडे वळू. त्याचे शब्द लोकांच्या शब्दांहून मुळीच सौम्य नाहीत. ही सारी प्रजा काय मी प्रसवली, असे तो देवाला विचारतो. हा भार मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, इतके तो बोलून जातो. तरी त्याच्यावर अग्नी पडला नाही. देवाने त्याला सत्तर वडीलजन निवडायला सांगितले, म्हणजे त्याने एकट्याने भार वाहू नये. लोक देवाविषयी बोलत होते, मोशे देवाशी बोलला. शिवाय लोकांना मागे मिसराकडे जायचे होते. मोशेला ओझ्याचे काय करावे हे विचारायचे होते. पहिली ती कुरकुर, दुसरे ते गाऱ्हाणे.

यरुशलेमातील मंडळीचे उदाहरण याहून नाजूक आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती, म्हणून कुरकुर सुरू झाली. मूळ ग्रीकमध्ये येथे जो शब्द आहे, तोच फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे. तरी प्रेषितांनी कोणाला दटावले नाही. त्यांनी सर्व मंडळी बोलावली आणि सात जण निवडून घेतले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कुरकुरीच्या मुळाशी अन्याय होता. तो दूर करणे हेच तिच्यावर औषध होते. (पाहुणचार कुरकुर न करता करावा असे पेत्र लिहितो, तेथेही तोच शब्द आहे. ते वचन वाचणारा बैठकीत असतो आणि चुलीपुढे दुसरेच कोणी असते, हे जाता जाता सांगतो.)

जिवेभावे काम करण्याची आज्ञा कलस्सैकरांच्या पत्रात आहे, आणि ती दासांना आहे. तुमची मेहनत धन्याने पाहिली नाही तरी प्रभू पाहतो, हा तिच्यातला धीर फार मोठा आहे. पण आपण तिसरा अध्याय संपला की पुस्तक मिटतो. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. पौलाच्या पत्रात ती नव्हती. लगेच पुढचे वाक्य धन्यांना आहे : दासांशी न्यायाने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. पहिली आज्ञा वाचून दुसरी गाळणे म्हणजे अर्धेच पत्र वाचणे होय.

पंडिता रमाबाईंच्या ठायी या दोन्ही गोष्टी दिसतात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. त्यांना खाऊ घालणे, शिकवणे, आजारात जपणे हे काम त्यांनी जन्मभर केले. पण १८९७ साली पुण्यात प्लेग असता सरकारी इस्पितळात स्त्रियांची आबाळ होते असे दिसताच त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघडपणे लिहिले. सरकार नाराज होईल म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. असे बोलण्याला कुरकुर म्हणता येत नाही.

शिक्षकांनी वर्गात गणनेचा हा भाग मोठ्याने वाचून घ्यावा. मग मुलांना तीनच प्रश्न विचारावेत : कोण बोलले, कोणाजवळ बोलले, आणि काय मागितले? मोठ्यांच्या वर्गात चौथा प्रश्नही घालावा : आपल्या मंडळीत कोणाचा भार सत्तरांत वाटायचा राहिला आहे? नावे निघाली तर लिहून घ्यावीत व पुढच्या कमिटीत वाचावीत.